विमा मिळाला, उपचाराचे काय?

(आरोग्यसेवेत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



मी वैद्य नाही, पत्रकार आहे. त्यामुळे औषधाविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. औषधापर्यंत पोहोचण्याच्या वाटेविषयी मात्र चार शब्द सांगावेसे वाटतात.

२३ सप्टेंबर २०१८ रोजी रांची येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचा प्रारंभ केला. दोनच दिवसांनी पं. दीनदयाळ उपाध्याय यांची जयंती होती. २००८च्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत कुटुंबाला वर्षाकाठी ३० हजार रुपयांचे संरक्षण होते. नव्या योजनेत ते ५ लाखांवर गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ७० वर्षे व त्यावरील सर्व ज्येष्ठांना, उत्पन्नाची अट न ठेवता, तिचा लाभ खुला झाला. महाराष्ट्रातही महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा दीड लाखांवरून ५ लाखांवर नेण्यात आली.

याचे मोल कमी लेखू नये. राष्ट्रीय आरोग्य लेख्यानुसार २०१३-१४ मध्ये आरोग्यावरील एकूण खर्चापैकी ६४.२ टक्के भार लोक स्वतःच्या खिशातून उचलत होते. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. सारे श्रेय विम्याचे नाही. शासनाचा आरोग्यावरील खर्चही वाढला. परंतु शस्त्रक्रियेसाठी जमीन गहाण टाकण्याची वेळ ज्या घरावर येत होती, त्या घरासाठी हे आकडे कोरडे नाहीत.

मग प्रश्न उरतो : विम्याने माणसाची प्रकृती सुधारते का? शेजारच्या कर्नाटकाने याची दोन उत्तरे दिली आहेत.

अटलजींच्या नावाची ‘वाजपेयी आरोग्यश्री’ योजना २०१० मध्ये उत्तर कर्नाटकात सुरू झाली. हृदयविकार, कर्करोग यांसारख्या गंभीर आजारांवर दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना मोफत उपचार मिळू लागले. योजनेच्या सीमारेषेच्या अलीकडील आणि पलीकडील गावांची तुलना करणारा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. योजनेत समाविष्ट आजारांमुळे होणारे मृत्यू लाभार्थी कुटुंबांत ०.३२ टक्के, तर सीमेपलीकडील गरीब कुटुंबांत ०.९० टक्के आढळले.

दुसरा प्रयोग २०१५ ते २०१८ या काळात याच राज्यात दहा हजारांहून अधिक कुटुंबांवर झाला. त्यात राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेचे संरक्षण देण्यात आले. रुग्णालयाचा वापर काहीसा वाढला. पण साडेतीन वर्षांनंतरही आरोग्यात ठळक फरक दिसला नाही. अनेक कुटुंबांनी विमा वापरण्याचा प्रयत्न केला, तरी तो त्यांना वापरता आला नाही.

असे का घडावे? दोन्ही योजनांचे स्वरूप वेगळे होते, हे खरे. तरीही एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आरोग्यश्रीत रुग्णालये गावोगावी शिबिरे घेत, रुग्ण शोधून काढत आणि त्यांना शहरापर्यंत आणत. पहिल्या योजनेत उपचार रुग्णाच्या दाराशी गेले. दुसऱ्या प्रयोगात रुग्णाला कार्ड घेऊन एकट्याने वाट शोधावी लागली.

शिवाय या रुग्णालयीन योजनांत बाह्यरुग्ण विभागाचा नित्याचा खर्च बसत नाही. मधुमेह, रक्तदाब यांच्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात. त्या वेळेवर मिळाल्या नाहीत, तर विमा उपयोगी पडतो तो थेट पक्षाघात झाल्यावर! म्हणून गावचे आरोग्यकेंद्र सक्षम असणे ही विम्याइतकीच निकडीची गरज आहे.

मित्रहो, शासन आपल्या विचाराचे आहे म्हणून कार्डांची संख्या मोजून समाधान मानणे आपल्याला शोभणार नाही. रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. पण गावातून रुग्णालयापर्यंत कोण? परळला नाना पालकर स्मृती समिती १९६८ पासून परगावच्या रुग्णांना आधार देत आली आहे. छत्रपती संभाजीनगरात १९८९ मध्ये मोजक्या ध्येयवादी डॉक्टरांनी डॉ. हेडगेवार रुग्णालय उभे केले. या कामांना शासकीय आदेशाची वाट पाहावी लागली नाही.

आपण प्रत्येकाने एक वस्ती निवडावी. तेथे कोणाकडे कार्ड आहे हे विचारावेच. पण त्याहून अधिक आग्रहाने विचारावे की, आजारी कोण आहे आणि अजून घरीच का आहे? अंत्योदयाचा मार्ग त्या उंबरठ्यावरूनच जातो.