पहिली जागा
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



तुमच्या दानातून आपल्या वसतिगृहातली मुले शिकली. आज मात्र मी पैसे मागायला उभी नाही. मला जागा हवी आहे. तुमच्या वर्कशॉपमध्ये, दुकानात, ऑफिसात, एका वर्षापुरती.

आपला एक वारली मुलगा जन्मापासून ऐकू शकत नाही. तो आयटीआयमधून वेल्डर झाला. वसतिगृहाचे फाटक त्यानेच जोडले आहे. त्याला घेऊन मी तीन ठिकाणी गेले. सगळीकडे आधी विचारले, "अनुभव किती?" आणि मग हळूच, "मागून हाक मारली तर?" अहो, ग्राइंडर सुरू असला की तिथे कुणालाच काही ऐकू येत नाही. सगळे हातवारेच करतात! धोक्याचा भोंगा असेल तर जोडीला एक दिवा लावा, झाले.

2016 च्या कायद्याने दिव्यांगांना सरकारी नोकरीत 4 टक्के जागा राखीव आहेत. त्यासाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. पाड्यावरच्या बापाला ते काढायला दोन एसट्या बदलाव्या लागतात, मजुरी बुडते ती वेगळीच. पण खाजगी कारखान्याला हे आरक्षण लागू नाही, आणि आमच्या मुलांना पहिले काम मिळाले तर तिथेच मिळणार.

त्यासाठी 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. 30 किंवा अधिक माणसे कामावर असतील तर शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. 4 ते 29 असतील तर तुमची इच्छा. उमेदवाराला दरमहा विद्यावेतन द्यायचे. केंद्राच्या योजनेत नोंद केली तर त्यातला काही भार सरकार उचलते. वर्षाअखेर मुलाच्या हातात दाखवण्यासारखा अनुभव येतो.

दुसरी आपली बी.कॉम. झालेली मुलगी. तिचा एक पाय अधू आहे. टॅली उत्तम येते, पण शहरातली बहुतेक ऑफिसे वरच्या मजल्यावर. तिला तळमजल्यावर एक टेबल हवे आणि जवळपास राहायला खोली. खोलीचे काम तर ज्यांचा धंदा नाही तेही करू शकतात.

दाराशी वही ठेवली आहे. कामाचे स्वरूप आणि जिना आहे की नाही, एवढे लिहा. वेल्डर मुलगा मागच्या बाकावर बसला आहे. त्याच्याशी बोलताना समोर उभे राहा, आणि नाहीच समजले तर मोबाइलवर लिहून दाखवा.