बोलण्याचं शास्त्र आणि आपल्या मुली



मुलगी बारावी झाली की घरात ठरलेली नावं निघतात. नर्सिंग, डी.एड., फार तर इंजिनिअरिंग. आज मी आणखी एक वाट सांगणार आहे. माणूस बोलतो कसा, ऐकतो कसा आणि यंत्राला आपलं बोलणं कसं शिकवायचं, याच्या अभ्यासाची.

'जग' हा शब्द घ्या. 'सारं जग' म्हणताना एक उच्चार, 'सुखानं जग' म्हणताना दुसरा. लिहायला मात्र एकच. वऱ्हाडात डोळ्याला 'डोया' म्हणतात. आपल्या कानाला हे सहज कळतं, यंत्राला शिकवावं लागतं. त्यासाठी गावोगावच्या माणसांचे आवाज गोळा करून ते ऐकून लिहून काढावे लागतात. शेतमालाचे भाव फोनवर बोलून विचारता यावेत, म्हणून मुंबईत टीआयएफआर आणि आयआयटीच्या संशोधकांनी मराठीवर असं काम केलं आहे.

आता बघा, पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला साधारण १२० वेळा कंप पावतात, बाईचे २००च्या आसपास, लहान मुलांचे त्याहूनही जास्त. नमुन्यात बायकांचे, मुलांचे, खेड्यातले आवाजच कमी असले, तर यंत्र नेमकं आपलंच बोलणं चुकीचं ऐकतं. म्हणून हे काम करणाऱ्यांत आपल्या मुली हव्यात.

वाटा तीन आहेत.

पहिली उपचाराची. बारावी विज्ञान झाल्यावर बीएएसएलपी ही पदवी करता येते. इंटर्नशिप धरून चार वर्षं. पुढे एम.एस्सी. आणि पीएच.डी. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, म्हैसूरला अखिल भारतीय वाक्‌ श्रवण संस्था आहे. उशिरा बोलणारं मूल, अडखळत बोलणारा मुलगा, अर्धांगवायूनं वाचा गेलेल्या सासूबाई, या सगळ्यांना हेच तज्ज्ञ लागतात. प्रवेशाआधी कॉलेजला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का, ते स्वतः तपासा. एजंटाच्या शब्दावर पैसे भरू नका.

दुसरी भाषेची. कला शाखेच्या मुलींनो, ही तुमचीसुद्धा वाट आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आणि मुंबई विद्यापीठात भाषाविज्ञानात एम.ए. करता येतं. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी घरात बोलणारी मुलगी इथं मागे नाही, तिच्याकडे शिदोरी जास्त आहे.

तिसरी तंत्रज्ञानाची. कॉम्प्युटर किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलींना आयआयटी मुंबई, आयआयटी मद्रास, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था इथं आवाजावर संशोधन करता येतं. देशातल्या विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन पाठ्यवृत्ती असते. साधारण दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत राहून शिकता येतं.

आता खर्चाचं. नेट परीक्षेतून जेआरएफ मिळाली तर पीएच.डी. करताना सुरुवातीला महिना ३७,००० रुपये मिळतात. एकुलत्या एक मुलीसाठी यूजीसीची सावित्रीबाई जोतीराव फुले यांच्या नावाची पाठ्यवृत्ती आहे. विज्ञानात संशोधन करणाऱ्या स्त्रियांसाठी केंद्राची वाइज-किरण योजना आहे. वयाच्या आणि पात्रतेच्या अटी दरवर्षीच्या जाहिरातीत वाचा.

तोवर घरबसल्या सुरुवात करता येते. 'स्वयम्'वरचे अभ्यासक्रम फुकट शिकता येतात, पैसे फक्त परीक्षेचे. 'प्रात' नावाचं मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घ्या, आपलाच आवाज भरा आणि 'जग'चे दोन उच्चार पडद्यावर कसे दिसतात ते पाहा.

मैत्रिणींनो, घरात "मुलीनं कमी बोलावं" असं आपण खूप ऐकलं. ही मुलगी बोलण्याचाच अभ्यास करील. तिला फॉर्म भरायला आपण मदत करू या.