लिंबाला छप्पर कोण घालणार?

2022 चा एप्रिल आठवतोय का? एक लिंबू दहा रुपयांना. ग्रुपवर लिंबाच्या हाराचे मीम फिरत होते, आणि दारावर लिंबू-मिरची बांधणाऱ्याला लोक श्रीमंत म्हणत होते. ते लिंबू इतकं का महागलं, हे आज सांगायचंय. पण सुरुवात करतो फ्रान्सच्या राजवाड्यापासून. थोडा धीर धरा, घोडनदीला परत येणारच आहे.

झालं असं की मी गावी होतो, शिरूर तालुक्यात. मित्रानं एक रील पाठवली. व्हर्सायचा राजवाडा, आणि बाहेर मोठमोठ्या लाकडी पेट्यांमध्ये लावलेली झाडं. माणसं गाडीवर घालून ती झाडं एका लांबलचक इमारतीत नेतायत. झाडांना घर! त्या इमारतीला म्हणतात ऑरेंजरी, म्हणजे संत्र्यांचा वाडा म्हणा हवं तर.

मग मी वाचत बसलो. ही इमारत 1684 ते 1686 मध्ये चौदाव्या लुई राजासाठी ज्यूल आर्दुअँ-मांसार या वास्तुविशारदानं बांधली. मधलं दालन दीडशे मीटरपेक्षा लांब. भिंती कित्येक फूट जाड, खिडक्या उंच आणि दक्षिणेकडे तोंड केलेल्या, म्हणजे हिवाळ्यातलं तिरपं ऊन आत यावं. हजाराच्या वर झाडं तिथं हिवाळा काढतात. ऑक्टोबरमध्ये आत, मे महिन्यात बाहेर. आजही. संत्री, लिंबं, डाळिंब, आणि मला सगळ्यात गंमत वाटली ती कण्हेरीची. जी कण्हेर आपल्याकडे हायवेच्या दुभाजकावर ट्रकचा धूर खात उभी असते, ती तिथं राजवाड्यात.

मला वाटायचं हे सगळं फळं खायला असेल. तर तसं नाही. हा थाट होता. ज्या देशात बर्फ पडतो तिथं आपल्या दारात संत्र्याचं झाड आहे, हे दाखवायचं. लुईच्या आरसेमहालात संत्र्याची झाडं चांदीच्या कुंड्यांत ठेवायचे. लंडनजवळच्या क्यू बागेत 1761 मध्ये अशीच ऑरेंजरी बांधली. देखणी इमारत, पण आत उजेडच पुरेसा येईना, झाडं काही नीट वाढली नाहीत. आता तिथं रेस्टॉरंट आहे. काही बांधकामं आपल्याकडचीच वाटतात, नाही?

आणि नाव बघा. संस्कृतातला ‘नारंग’ फारसीत गेला, तिथून अरबीत, मग स्पॅनिशमध्ये ‘नारांखा’ झाला आणि शेवटी ‘ऑरेंज’. शब्द इथून गेला आणि तिकडे वाड्यात राहायला लागला. आपल्याकडे नागपूरच्या संत्र्याचं मूळही राजाच्याच बागेत सांगतात. भोसल्यांनी औरंगाबादहून रोपं नेली म्हणे. पण तिथं काचेचं घर लागलं नाही. झाडं बागेतून शेतात गेली आणि विदर्भभर पसरली.

तर ही रील मी आबांना दाखवली. आबा म्हणजे माझे आजोबा. आमची लिंबाची दीडशे झाडं त्यांच्याच हातची. त्यांना राजवाड्याचं काही कौतुक नाही. म्हणाले, “झाडं घरात ठेवतेत, ते ठीक. पण फुलवतेत कशी?”

आबांचा प्रश्न नेमका होता. मी परत शोधलं. तर म्हणे राजाला वर्षभर कुठलं तरी एक झाड फुललेलं हवं असायचं. मग माळी काय करायचे, काही झाडांचं पाणी आणि खत तोडायचे. पानं गळून झाड मरायला टेकलं की पुन्हा खतपाणी द्यायचे. झाड घाबरून फुलायचं. मी हे वाचून दाखवलं तर आबा हसायलाच लागले. “अरे, त्यात काय नवीन? ताण दिलाय त्यांनी.”

आता शहरातल्या मंडळींसाठी सांगतो. लिंबू, मोसंबी, डाळिंब, ही झाडं आपल्याकडे मनात येईल तेव्हा थोडी थोडी फुलत राहतात. त्यानं बाजाराला माल जात नाही. म्हणून शेतकरी झाडाचं पाणी बंद करतो. जमीन हलकी असेल तर महिनाभर, काळी असेल तर त्याहून जास्त. पानं मान टाकतात, पिवळी पडतात, गळतात. मग खत घालून हळूहळू पाणी सोडायचं, की सगळं झाड एकदम फुलतं. थंड प्रदेशात हे काम हिवाळा करतो. आपल्याकडे हिवाळा तेवढा कडक नाही, म्हणून आपण झाडाला खोटा हिवाळा देतो. म्हणजे बघा, तिकडे झाडाला हिवाळ्यापासून वाचवायला वाडा बांधला, आणि आपण इथं मुद्दाम हिवाळा तयार करतो.

लिंबाचे तीन बहार. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबिया, पावसाच्या सुरुवातीचा मृग, आणि तिसरा हस्त. हस्ताचं फळ उन्हाळ्यात येतं, जेव्हा सगळ्या राज्याला सरबत हवं असतं. पैसा त्याच्यात. पण त्यासाठी ताण द्यायचा सप्टेंबरात, म्हणजे पाऊस अजून गेलेला नसताना. आणि हस्त नक्षत्राचा पाऊस तर हत्तीचा पाऊस. भोंडल्याला पाटावर हत्ती काढतात तो हाच. एका पावसानं सगळा ताण मोडतो. झाड हिरवंगार होतं, बघायला छान, फूल एक नाही.

2021 ला हेच झालं. सप्टेंबर-ऑक्टोबरला पाऊस हटेना, ताण बसला नाही, हस्त बहार गेला. पुढे अवकाळीनं आंबियाची फुलंही झडली. मग मार्च 2022 असा तापला की देशात नोंदी ठेवायला लागल्यापासून इतका गरम मार्च नव्हता. मागणी वाढली आणि माल नाही. तुमचं दहा रुपयांचं लिंबू ते. लोकांना वाटलं शेतकरी मालामाल झाला. आमच्याकडून त्या एप्रिलमध्ये पुण्याच्या मार्केट यार्डात चार गोण्या गेल्या. चार. भाव होता, पण विकायला लिंबूच नव्हतं.

माझे मामा दौंड तालुक्यात, खोरकडे. तो पट्टा अंजिराचा. तिथंही खट्टा बहार आणि मीठा बहार असा हिशेब असतो, आणि आभाळाकडे बघणं असतंच. भीमेच्या किंवा कालव्याच्या पाण्यावर असलेले बरेच जण सरळ ऊस लावतात. मामा म्हणतात, “उसाला फूल आणायचं टेन्शन नाही.” मला उसाचं एवढं पाणी पटत नाही, त्यावरून आमचं दर दिवाळीला वाजतं. पण दीडशे लिंबं सांभाळणाऱ्या घरात राहून मी त्यांना फार नावंही ठेवू शकत नाही.

मी आबांना म्हणालो, “आबा, आपण छप्पर करू की. डाळिंबावर टाकतात तसं, पण पाऊस अडवणारं.” डाळिंबाच्या बागांवर पांढरं कापड बघितलं असेल तुम्ही, ते उन्हाचा चटका बसू नये म्हणून. आबांनी बोटांवर हिशेब केला. दीडशे झाडांवर लोखंडी सांगाडा, प्लॅस्टिक, वारं आलं की ते फाटणार. आणि वरून पाऊस अडवला तरी शेजारच्या शेतातलं पाणी जमिनीतून मुळाला येणारच. “त्या राजानं लिंबू विकलं होतं का कधी?” असं म्हणाले आणि उठून गेले.

यंदा ताण द्यायचा की नाही यावर घरात दोन आठवडे वाद चालला. वडील म्हणत होते आंबिया धरू, सुरक्षित आहे. आबा म्हणाले हस्तच. शेवटी ठिबक बंद केलं. आज सोळावा दिवस. दुपारी पानं मान टाकतात, सकाळी पुन्हा थोडी ताठ होतात, म्हणजे ताण अजून पुरता बसलेला नाही. मी तासातासाला हवामानाचं अ‍ॅप बघतोय. गुरुवारी ढग दाखवतंय. आबा अ‍ॅप बघत नाहीत, संध्याकाळी ओट्यावर बसून श्रीगोंद्याच्या बाजूला बघतात.

गुरुवारी काय झालं ते पुढच्या भागात सांगतो.