सुताराने स्वतः बांधायचे यंत्र

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

बीड जिल्ह्यातल्या कोणत्याही मोठ्या गावात पूर्वी सुताराचा एक कट्टा असे. बाभळीचे ओंडके, वाकस, पटाशी, रंधा, आणि पेरणीआधी तिफण भरून घेण्यासाठी थांबलेली चार माणसे. तिफण, वखर, बैलगाडीची चाके, घराची चौकट ही सगळी कामे त्याच्याकडे असत आणि मोबदल्यात सुगीला बलुते मिळे. पुढे औते लोखंडी झाली, पेरणी ट्रॅक्टरवर गेली, गाडीला रबरी टायर आले आणि दरवाजे शहरातून तयार येऊ लागले. कट्टा मोडला. सुताराचा मुलगा फर्निचरच्या कामासाठी पुण्याला गेला, नाहीतर दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघाला.

आज मला एका यंत्राविषयी बोलायचे आहे. त्याचे नाव सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाने दिलेल्या आकड्यांनुसार लाकूड कोरणारे यंत्र. तालुक्याच्या गावांतही आता दरवाज्यावरची वेलबुट्टी, देव्हाऱ्याची जाळी, घरावरच्या नावाच्या पाट्या अशा यंत्रांवर निघतात. बहुतेक ठिकाणी यंत्र एकाचे असते आणि सुतार तिथे फळी घेऊन रांगेत उभा राहतो. हे यंत्र सुताराला स्वतः बांधता येते का? माझे उत्तर ‘हो’ असे आहे. का, ते सांगतो.

हे तंत्र जन्मले विमानांच्या कारखान्यांसाठी. अमेरिकेतल्या जॉन पार्सन्स यांना हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वक्र आकार अचूक हवे होते. त्या खटपटीतून एमआयटी या संस्थेत १९५२ साली भोके पाडलेल्या कागदी पट्टीवरून आकडे वाचणारे यंत्र लोकांना दाखवण्यात आले. त्या काळी ते मोठ्या कारखान्यांच्याच आवाक्यातले होते. पन्नास वर्षांत चित्र पालटले. इटलीत २००५ साली आर्डुइनो नावाची स्वस्त नियंत्रक पाटी आली. २००९ साली नॉर्वेतल्या एका तरुणाने तिच्यावर चालणारी जीआरबीएल ही आज्ञावली लिहिली आणि सर्वांना मोफत खुली केली. घरगुती यंत्रांचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला.

आणि खेड्याला हे जमणार नाही असे म्हणणाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या पाबळकडे पाहावे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचे, ही त्याची रीत. एमआयटीच्या सहकार्याने अमेरिकेबाहेरची पहिली फॅब लॅब २००२ साली उभी राहिली, ती याच पाबळमध्ये. संगणकावर चालणारी यंत्रे गावातल्या मुलांच्या हाती देणारी ही कार्यशाळा. अशा प्रयोगशाळांच्या ठरलेल्या यंत्रांत लाकूड कापणारा मोठा राउटरही असतो.

आता यंत्राची रचना पाहू. एक भक्कम चौकट, तिच्यावर मागेपुढे सरकणारा पूल, पुलावर डावीउजवीकडे सरकणारी गाडी आणि गाडीवर खालीवर होणारा राउटर. लांबी, रुंदी आणि खोली अशा तीन दिशा झाल्या. प्रत्येक दिशेला आट्याचा लांब दांडा आणि तो फिरवणारी स्टेपर मोटर. ही मोटर पावलापावलाने फिरते, एका फेरीत २०० पावले. दांड्याच्या एका फेरीत गाडी ५ मिलिमीटर सरकत असेल, तर एका पावलात सरकली मिलिमीटरचा चाळिसावा भाग. कागदावर ही अचूकता केसाहून बारीक आहे. प्रत्यक्षात चौकट किती वाकते आणि आट्यांत किती ढिलेपणा आहे, यावर सगळे ठरते.

इथेच सुताराची विद्या कामाला येते. चौकट गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात चौकोनी पाइपांची करून मिळते; पण वेल्डिंगच्या उष्णतेने लोखंड ओढले जाते. ती काटकोनात आहे का, हे कसे पाहायचे? दोन्ही कर्ण मोजायचे. समान भरले तर चौकट गुण्यात. दरवाज्याची चौकट उभी करणारा प्रत्येक सुतार हे करतोच. मग यंत्राला १०० मिलिमीटर सरकायला सांगायचे आणि मोजायचे. ९९.५ भरले, तर मिलिमीटरमागे जितकी पावले सांगितली होती, त्या आकड्याला १०० ने गुणून ९९.५ ने भागायचे. एवढे गणित पुरे.

कापताना अनेकांना वाटते की, यंत्र हळू चालवले म्हणजे काम चांगले होईल. लाकडाच्या बाबतीत हे उलटे आहे. दोन धारांचे पाते मिनिटाला १८,००० फेरे घेत असेल, तर मिनिटाला ३६,००० वेळा धार लाकडाला लागते. मिनिटाला १,८०० मिलिमीटर वेगाने पुढे गेलो, तर प्रत्येक धार ०.०५ मिलिमीटरची कपची काढते आणि त्या कपचीबरोबर उष्णता बाहेर पडते. वेग फार कमी केला, तर धार कापत नाही, घासते. लाकूड काळे पडते, पाते बोथट होते, कधी भुश्शात ठिणगीही धरते. म्हणून घरी बांधलेल्या हलक्या यंत्रावर खोली कमी ठेवावी. १८ मिलिमीटरची फळी २-२ मिलिमीटरच्या नऊ थरांत कापावी. चालू यंत्र सोडून चहाला जाऊ नये.

आपल्याकडची दुसरी अडचण विजेची. काम अर्ध्यावर असताना वीज गेली, तर साधी स्टेपर मोटर आपण कुठे होतो हे विसरते. उपाय असा: तिन्ही दिशांच्या टोकाला कळा बसवायच्या. वीज आली की यंत्र आधी कोपऱ्यात जाऊन कळांना टेकते आणि तिथून मोजणी सुरू करते. कामाचा आरंभबिंदू त्या कोपऱ्यापासून किती अंतरावर आहे, ते वहीत लिहून ठेवायचे आणि फळीचे शिकंजे सोडायचे नाहीत. शिवाय वीज परतल्यावर राउटर आपोआप फिरू लागू नये, पुन्हा बटण दाबल्यावरच सुरू व्हावा, अशी कळ लावणे अत्यावश्यक आहे. अर्थिंग नीट हवे. डोळ्यांवर चष्मा आणि नाकातोंडावर चांगला मास्क हवा. गळ्यातला गमछा काढून ठेवावा. लाकडाची बारीक धूळ कर्करोगाला कारण ठरते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच नोंदवले आहे. धूळ ओढून घेणारा पंखा ही चैन समजू नये.

मग हाताच्या कामाचे काय होणार? श्रोतेहो, ही भीती खोटी नाही. शंभर सारख्या जाळ्या कोरण्यात यंत्राशी हाताने स्पर्धा करू नये. पण यंत्राचे पाते गोल फिरते. ६ मिलिमीटरच्या पात्याने साल पाडली, तर आतल्या प्रत्येक कोपऱ्यात ३ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई उरते. तो कोपरा काटकोनात आणायला पटाशीच लागते. फळीत ओल किती आहे, वैशाखात ती कोणत्या बाजूने आकसेल, गाठ कुठे सुटेल, रेषेविरुद्ध गेले तर कपची कुठे उडेल, हे यंत्राला कळत नाही. संगणक शिकलेला पण लाकूड न ओळखणारा मुलगा महागाची सागवान फळी चटकन वाया घालवील. बाप लाकूड जाणतो, मुलगा मोबाइल आणि संगणक जाणतो. या दोघांचे एकत्र दुकान म्हणजे खरे भांडवल.

विकत घेतलेले यंत्र बिघडले की माणूस मोठ्या शहरातून येईपर्यंत काम बंद. स्वतः बांधलेल्या यंत्राचा प्रत्येक बोल्ट आपण आवळलेला असतो. कोणता आवाज कुठून येतो, हे कळते. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकामाचा समावेश आहे. त्यात प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्जाची तरतूद करण्यात आली. इच्छुकांनी जवळच्या सुविधा केंद्रात तिची चौकशी करावी.

सुरुवात लहान करावी. दोन फूट बाय दोन फुटांचे यंत्र, आणि पहिले काम स्वस्त प्लायवुडवर. एकट्याला झेपत नसेल, तर तीन-चार सुतारांनी मिळून एक यंत्र बांधावे आणि त्याचे दिवस वाटून घ्यावेत. ऊसतोडीला निघालेल्या एखाद्या मुलाला त्यातून गावात राहण्याजोगे काम मिळाले, तरी त्या यंत्राचे चीज झाले असे मी म्हणेन.