विमानाच्या परवान्याला गायरोप्लेनची जोड



सायकल उत्तम येणाऱ्या एखाद्या गड्याला माल वाहण्याच्या तीनचाकी सायकलीवर प्रथमच बसवून पाहा. पायडल तेच, हँडल तेच. पण वळण आले की गडी सवयीने अंग कलते करतो. तीनचाकी काही कलत नाही, ती सरळ रस्त्याच्या कडेला जाऊन थांबते. ज्याला सायकल मुळीच येत नाही असा पोरगा मात्र तीच गाडी थोड्या वेळात बिनघोर चालवू लागतो. आज मला सांगायचे आहे ते याच प्रकाराविषयी. आपले वाहन मात्र आकाशातले आहे.

गायरोप्लेन नावाचे एक लहानसे यंत्र आहे. दुरून ते हेलिकॉप्टरच वाटते, कारण डोक्यावर लांब पात्यांचा मोठा पंखा असतो. पण हेलिकॉप्टरचा पंखा एंजिन फिरवते. गायरोप्लेनचे एंजिन बहुधा पाठीमागे असते, आणि ते एक छोटा पंखा फिरवून यंत्राला नुसते पुढे ढकलते. उडताना वरचा मोठा पंखा वाऱ्यावरच फिरतो. जत्रेतले भिरभिरे हातात धरून मूल धावू लागले की भिरभिरे आपोआप फिरते ना, तसेच. यंत्र पुढे जाते, हवा खालून पात्यांमधून वर निघते आणि पाती मिनिटाला तीनशे-चारशे फेरे घेत राहतात. त्यातूनच उचल मिळते.

ही कल्पना ह्वान दे ला सिएर्व्हा या स्पॅनिश एंजिनिअरची. त्याने बांधलेले तीन एंजिनांचे विमान 1919 साली, वेग फार कमी झाल्यामुळे कोसळले. विमानाचा वेग गेला की पंखाची उचलही जाते. मग पंखालाच स्वतःचा वेग का देऊ नये, असा विचार त्याने केला. जानेवारी 1923 मध्ये माद्रिदजवळ त्याचे यंत्र उडाले, आणि 1928 साली त्यात बसून त्याने इंग्लंड आणि फ्रान्समधली खाडी ओलांडली.

आता असे समजा, की अमेरिकेतल्या एखाद्या हौशी वैमानिकाजवळ हलके विमान चालवण्याचा परवाना आहे. तिथे 2004 सालापासून ‘स्पोर्ट पायलट’ नावाचा सोपा परवाना मिळतो. त्याला गायरोप्लेनची जोड हवी असेल तर आधी गायरोप्लेनच्या शिक्षकाकडे शिकायचे. शिष्य तयार झाला असे वाटले, की शिक्षक त्याच्या वहीत तसे लिहून सही करतो. मग दुसरा शिक्षक त्याची परीक्षा घेतो. ज्याने शिकवले त्यानेच परीक्षा घ्यायची नाही, असा नियम आहे. शिक्षकबंधूंना त्यातले मर्म सांगायला नको. आपण शिकवलेल्या मुलाच्या चुका आपल्या डोळ्यांना सरावाच्या झालेल्या असतात.

वैमानिकाला वाटते, यात शिकायचे ते कितीसे? पुष्कळ गोष्टी त्याला येतात, हे खरेच. ढग ओळखणे, नकाशा वाचणे, वारा पाहून उतरणे, रेडिओवर बोलणे, हे सारे जुनेच कामी येते. अडचण येते ती त्याच्या हातांची.

विमानाचा वेग फार कमी झाला, की नाक खाली करण्यासाठी दांडा झटकन पुढे ढकलायचा, हे वैमानिकाच्या हाडीमाशी खिळलेले असते. त्यानेच त्याचा जीव वाचतो. गायरोप्लेनमध्ये हाच झटका प्राणावर बेतू शकतो. कसा, ते पाहू. गोफणीचा दोर ताठ राहतो तो ती फिरते म्हणून. गायरोप्लेनची पातीही अशीच फिरण्यामुळे ताठ राहतात, आणि यंत्राचे सारे वजन त्यांना टांगलेले असते. दांडा एकदम पुढे लोटला, की उंचवट्यावरून गाडी उतरताना पोटात जसे हलके होते तसे क्षणभर वजन नाहीसे होते. पात्यांमधून जाणारी हवा थांबते, फेरे मंदावतात. मागचे एंजिन मात्र ढकलतच असते. त्याची ढकल यंत्राच्या भारमध्याच्या वरून लागत असेल, तर यंत्र पुढच्या बाजूला कोलांटी खाते, आणि पाती शेपटीवर आदळतात. पुढे उपाय उरत नाही. भारमध्य आणि ढकलीची रेषा यांचा संबंध किती महत्त्वाचा आहे, हे ब्रिटनमध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधनानेही दाखवून दिले.

गंमत अशी, की त्या झटक्याची इथे गरजच नसते. गायरोप्लेनचा वेग कमी झाला तर ते विमानासारखे एकदम कोसळत नाही, खाली बसू लागते. हाताखाली उंची असली, की नाक हळुवार खाली करायचे, वेग धरायचा आणि लागेल तसे एंजिन वाढवायचे. सारे सावकाश.

जमिनीवरही तेच. विमान धावपट्टीवर टेकले आणि त्याचा वेग मोडला, की पंखांची उचल जवळपास संपते, आणि वैमानिक सुटकेचा श्वास टाकतो. गायरोप्लेन टेकले तरी वरची पाती फिरतच असतात. हात ढिला सोडला तर वाऱ्याच्या झोताने यंत्र कलंडू शकते. उडण्यापूर्वीही पात्यांना पुरेसे फेरे येण्याआधी घाईने धावायला लागले, तर ती वरखाली फडफडून यंत्रालाच लागतात.

हे शहाणपण स्वस्तात आलेले नाही. 1950 नंतर अमेरिकेत इगोर बेन्सेन यांच्या नमुन्यावरून पुष्कळांनी घरच्या घरी गायरोप्लेने बांधली. त्यात एकाच माणसाची जागा असे, शिक्षकाला बसायला जागाच नसे. मग ‘मला विमान येते’ या भरवशावर काही जण एकटेच उडाले, आणि त्यांतले काही प्राणांना मुकले. आता दोन आसनांची यंत्रे आहेत. शिष्याचा हात चुकीकडे वळला, तर तो आवरणारा दुसरा हात जवळ असतो.

शाळेत आणि शेतात हाच अनुभव आपल्यालाही येतो. बैलांना हाकण्यात ज्याचा हात बसला आहे, तो ट्रॅक्टरवर बसल्यावर संकटाच्या वेळी आधी ओरडतो आणि मग ब्रेक आठवतो. यात त्याचा दोष नाही. जुनी विद्या हातात मुरलेली असते आणि घाईच्या क्षणी तीच आधी बाहेर येते. म्हणून मुरब्बी माणसाला नवे काम शिकवताना, ‘तुम्हाला हे येतेच’ म्हणून पाने उलटू नयेत. कोणती सवय इथे चालणार नाही, ते पहिल्याच दिवशी सांगावे, आणि त्याचा हात नव्या वळणाला लागेपर्यंत जवळ बसावे. शिकणाऱ्यानेही आपल्या जुन्या परवान्याची घडी खिशात ठेवून, पहिल्या दिवसाच्या विद्यार्थ्यासारखे बसावे. त्यात कमीपणा नाही.