प्रत काढण्याचा हक्क

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द संगणकावर वेगळे कसे उमटवायचे, हे आपल्यापैकी बहुतेकांना कुठल्याही माहितीपुस्तकातून कळलेले नाही. साध्या र ऐवजी नुक्त्याचा ऱ घ्या, त्याला हलन्त द्या, मग य टंका, असे कुणीतरी कुणाला तरी सांगितले आणि ते पसरत गेले. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे, विंडोजवर ती 2000 च्या आवृत्तीपासून नीट चालू लागली. तरीही शिवाजी, श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टांत अडकलेला मजकूर आजही शिल्लक आहे. इथे उत्तर प्रदेशात कृतिदेवमधल्या फायली अजून सर्रास फिरतात आणि फॉन्ट नसलेल्या यंत्रावर त्या उघडल्या की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. तो मजकूर युनिकोडमध्ये कसा आणायचा, जोडाक्षरे कुठे तुटतात, ही माहिती मराठी आणि हिंदी लिहिणाऱ्यांनी एकमेकांना फुकट दिली. मराठी संगणकावर रुळण्यात या निनावी शिकवणीचा वाटा फार मोठा आहे, आणि साहित्याच्या व्यासपीठावरून तो मान्य करायला हवा.

पण ही शिकवण ठेवली कुठे? ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 रोजी बंद झाले, गूगल प्लस एप्रिल 2019 मध्ये, याहू ग्रुप्स डिसेंबर 2020 मध्ये. लिहिणारे आपण होतो, जागा मात्र परक्याची होती. आज तेच बोलणे व्हॉट्सॲपवर चालते. उत्तर तिथे मिनिटात मिळते, हे खरे. पण दुसऱ्या दिवशी ते शुभेच्छांच्या ढिगाखाली जाते आणि गटाबाहेरच्या गरजूला कधीच दिसत नाही.

यावर विकेंद्रित व्यवस्था हे उत्तर आहे, असे मला वाटते. ईमेल ती कधीपासून सिद्ध करत आले आहे: एका कंपनीच्या पत्त्यावरून दुसरीच्या पत्त्यावर पत्र जाते. याच धर्तीचे मॅस्टोडॉन हे समाजमाध्यम 2016 मध्ये आले. त्यातले स्वतंत्र सर्व्हर ज्या ॲक्टिव्हिटीपब नियमांनी एकमेकांशी बोलतात, त्यांना 2018 च्या जानेवारीत जागतिक मानकाचा दर्जा मिळाला. मात्र यंत्रे विखुरली म्हणजे काम झाले, असे नाही. यंत्रापेक्षा हक्क महत्त्वाचा. मराठी विकिपीडिया 2003 पासून एकाच संस्थेच्या सर्व्हरांवर आहे, पण त्याचा मजकूर मुक्त परवान्याचा असल्याने कुणालाही सगळाच्या सगळा उतरवून घेता येतो. ती संस्था उद्या नसली तरी मजकूर राहील. फक्त तो विश्वकोश आहे. गळका नळ कसा दुरुस्त करावा, हे सांगण्याची जागा तो नव्हे. ती जागा आपल्याला करावी लागेल.

आक्षेप येईल की राखणदार नसेल तर चुकीची माहितीही टिकेल. आक्षेप गंभीर आहे. बंद न्हाणीघरात गॅस गिझर लावण्याचा सल्ला जीव घेऊ शकतो. अशा बाबतीत, तसेच विजेच्या जोडणीत आणि औषधात, जाणत्याकडे पाठवणे हेच खरे उत्तर, आणि प्रत्येक सर्व्हरच्या चालकांनी तसा नियम करावा. न जुमानणाऱ्या सर्व्हरशी संबंध तोडण्याची सोय या रचनेत आहेच. बाकीच्या ठिकाणी सल्ला कधी दिला, कोणत्या आवृत्तीसाठी दिला आणि त्यावर कुणी काय हरकत घेतली, हे शेजारीच दिसले पाहिजे. पुढे पाठवलेल्या संदेशात नेमके हेच पुसले जाते.

दुसरी शंका अशी की सर्व्हर सांभाळणार कोण? ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 मध्ये उभे राहिले, तेव्हा ते सांभाळायला गावातलीच माणसे पुढे आली. गावोगावची वाचनालयेही एकमेकांच्या आज्ञेत नव्हती. गाझियाबादेत दूरसंचाराची मोठी प्रशिक्षणसंस्था आहे, साहिबाबादला कारखाने आहेत, नोएडात संगणकाची कामे आहेत. या परिसरात तंत्र जाणणाऱ्यांची वाण नाही. प्रत्येक मराठी मंडळाने दोन माणसे नेमावीत आणि वर्गणीतला थोडा भाग सर्व्हरच्या भाड्यासाठी राखून ठेवावा. सुरुवात फॉन्टबदलाच्या उत्तरांपासून करता येईल: तारीख घालून, मुक्त परवान्याखाली, आणि त्यांची एक प्रत दुसऱ्या शहरातल्या मंडळाकडे ठेवून.