आठशे नव्वदचा घोळ

मोहोपाड्याच्या बाजारात बॅटरी घेताना बारकोडचे पहिले तीन आकडे 890 दिसले, की आपण खूश. माल देशी! पण ते आकडे एवढंच सांगतात, की कंपनीनं बारकोड भारतातल्या संस्थेकडून घेतला. माल कुठला, ते नाही. आयएसआयचंही तसंच, ती दर्जाची खूण, परदेशी कारखान्यांनाही मिळते.

मग बघायचं काय? पाकीट उलटं करा. बारीक अक्षरांत उत्पादकाचा पत्ता असतो. आयात मालावर आयातदाराचं नाव आणि मूळ देश छापणं वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहे. हातमागाच्या साडीवर ‘हॅन्डलूम मार्क’ शोधा. आपल्या रायगडातल्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला तर 2022 साली भौगोलिक मानांकन मिळालं. छापील माहितीच नसेल, तर ग्राहक हेल्पलाइन आहे: 1915.